‘कोस्टलच ना?’

परवा शनिवारी सकाळी बर्कलीच्या मरीनात नळी घेऊन डेक धूत होतो. समोरच्या धक्क्यावरून एक गृहस्थ रमतगमत आले. आपलेच निघाले, मूळचे ठाण्याचे, आता फ्रीमाँटचे. बोट घ्यायचा विचार होता त्यांचा, म्हणजे अर्थातच सेकंडहँड. आमच्या बोटीकडे पुढून मागून नीट पाहिलं, मॉडेल ओळखलं आणि म्हणाले, “छान ठेवलीय हो. पण ही कोस्टलच ना?”

हा सगळा लेख त्या ‘च’ बद्दल आहे.

मुलगी बीकॉमच करतेय ना, नोकरी सरकारीच आहे ना, फ्लॅट वन बीएचकेच आहे ना. तोच हा ‘च’. त्याला उत्तर द्यायला गेलं की आपण आपोआप बचावात्मक पवित्र्यात जातो. मीही गेलो. “हो, म्हणजे आम्ही काही फार लांब जात नाही,” असं काहीतरी पुटपुटलो आणि नंतर दिवसभर स्वतःवरच चिडलो. म्हणून आता सविस्तर.

ज्यांना शिडाच्या बोटींशी काही देणंघेणं नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आमची बोट कॅटलिना ३०. आम्ही चौघांनी २०१७ मध्ये मिळून घेतली, एका बऱ्यापैकी जुन्या गाडीच्या किमतीत. हे मॉडेल १९७० च्या दशकाच्या मध्यापासून २००८ पर्यंत बनत होतं आणि ६,४०० हून जास्त बोटी बनल्या. रेखाटन फ्रँक बटलरचं, कंपनीही त्याचीच, कॅलिफोर्नियातली. लांबी ३० फूट (खरं तर एक इंच कमी), पाण्याच्या रेषेवर लांबी २५ फूट, रुंदी १० फूट १० इंच. वजन सुमारे १०,२०० पौंड, त्यातले ४,२०० पौंड नुसत्या कीलचे. कील म्हणजे बोटीच्या पोटाखाली माशाच्या परासारखा उभा असतो तो शिशाचा जड भाग. बोट कलली की तो तिला परत उभी करतो, आणि वारा बाजूने ढकलत असताना तिला आडवी सरकू देत नाही.

आता या आकड्यांवरून लोक बोटीची लायकी ठरवतात. आमच्या धक्क्यावर तर प्रत्येकाला तीन सूत्रं पाठ आहेत. वजन आणि लांबीचं गुणोत्तर, शिडाचं क्षेत्रफळ आणि वजनाचं गुणोत्तर, आणि तिसरं, ज्याचं नाव काढताना आवाज आपोआप खाली येतो, ते उलटण्याचं सूत्र. आमच्या बोटीचे आकडे अनुक्रमे २९१, १५.२ आणि २.०. या तिसऱ्या सूत्रात २.० च्या खाली असाल तर समुद्र, वर असाल तर किनारा. आमची बोट बरोब्बर रेषेवर. पस्तीस मार्क म्हणा ना!

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे कुठलाही एका आकड्याचा निकाल दिसला की आधी तो आकडा काढला कसा ते बघतो. सवय आहे. हे सूत्र असं आहे: बोटीची रुंदी फुटात घ्या, आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या घनफळाचं घनमूळ काढून त्याने भागा. बस्स. दोनच गोष्टी, रुंदी आणि वजन. वजन बोटीत *कुठे* आहे, हे सूत्राला माहीतच नाही.

म्हणजे काय होतं बघा. समजा मी उद्या आमच्या डोलकाठीच्या टोकावर पाचशे किलो शिसं बांधलं. बोट जड झाली. सूत्राचा आकडा २.० वरून १.९३ वर आला. अभिनंदन, आता ही बोट महासागरात न्यायला योग्य! प्रत्यक्षात ती धक्क्याला बांधलेली असतानाच आडवी होईल. बग घातला तर टेस्ट पास होते, अशी ही टेस्ट आहे.

सूत्र करणाऱ्यांना मी मूर्ख म्हणत नाहीये. ते आलं कुठून हे कळलं की त्यांच्याबद्दल आदरच वाटतो. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडजवळ फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळात सापडल्या, फक्त ८६ पूर्ण करू शकल्या आणि १५ स्पर्धक मेले. त्यानंतर अमेरिकेत या विषयावर मोठा अभ्यास झाला, आणि शर्यतीच्या आयोजकांना झटपट चाळणी लावता यावी म्हणून हे सूत्र पुढे आलं. ज्या बोटीची बाकी काहीच माहिती हाताशी नाही, तिला खोल समुद्रातल्या शर्यतीत घ्यायचं का, एवढ्यापुरती चाळणी. तिचा देव केला तो आपण.

त्याच काळात पाण्याच्या टाकीत मॉडेल बोटींवर चाचण्याही झाल्या. बोट लाटेला आडवी असेल आणि फुटणाऱ्या लाटेची उंची बोटीच्या लांबीच्या साधारण साठ टक्के असेल, तर बहुतेक कुठलीही बोट उलटू शकते असं त्यात दिसलं. आमच्या बाबतीत ही लाट झाली अठरा फुटांची. सॅन फ्रान्सिस्को बेच्या आत अठरा फुटी फुटणारी लाट आली, तर त्या दिवशी माझ्या काळज्यांच्या यादीत बोट फारच खाली असेल.

पण हे माझे मित्र कॅप्टन यांना पटत नाही.

कॅप्टन हे त्याचं टोपणनाव, खरं नाव सांगत नाही. माझ्याच वयाचा, डेटाबेसवाला, मूळचा हर्णैचा. आमच्या चौघांत तो पाचवा येणार होता. पण “घ्यायचीच तर खरी बोट घेऊ” म्हणून शेवटच्या क्षणी बाजूला झाला आणि २०१८ मध्ये त्याने एकट्याने एक बत्तीस फुटी जुनी ‘ब्लूवॉटर’ बोट घेतली. ब्लूवॉटर म्हणजे निळ्या पाण्याची, महासागर ओलांडणारी. प्रसिद्ध वेस्टसेल ३२ च्या जातकुळीतली: दोन्ही टोकं निमुळती, पोटाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब कील, जाड भिंती, वजन आमच्या जवळपास दुप्पट.

वेस्टसेल ३२ ची एक गोष्ट तो भेटेल त्याला सांगतो, आणि गोष्ट खरी आहे. १९९१ च्या ऑक्टोबरात, ज्या वादळाला पुढे ‘परफेक्ट स्टॉर्म’ म्हणायला लागले, त्यात ‘सटोरी’ नावाची वेस्टसेल ३२ सापडली होती. तिघांना कोस्ट गार्डने उचललं. बोट तशीच माणसाविना सोडून दिली. काही दिवसांनी ती मेरीलंडच्या वाळूवर येऊन लागलेली सापडली, आणि नंतर पुन्हा पाण्यातही गेली. कॅप्टन हे सांगताना डोळ्यात चमक असते. मजबूत बोट, वादच नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की मित्रा, तुझी बोट मरीनाच्या बाहेर पडलेली मी अजून पाहिलेली नाही.

खरंच नाही. आठ वर्षं होतील आता. आधी डेकखालचं कुजलेलं लाकूड बदललं. मग डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या सगळ्या तारा, कारण “पॅसिफिकमध्ये तार तुटली तर?” मग वारा धरून स्वतः सुकाणू चालवणारं यंत्र. मग समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन. मग इंजिन. इंजिन सध्या गॅरेजमध्ये आहे, तुकड्यातुकड्यांत. दर शनिवार-रविवार तो बोटीवरच असतो, हातात पान्हा नाहीतर सँडपेपर. एक संध्याकाळ मात्र शीड उघडलेलं नाही. स्वप्न ताहितीचं, आणि मुक्काम पोस्ट डी धक्का.

तुम्ही म्हणाल, त्याचे पैसे, त्याची हौस, तुला का त्रास? त्रास आहे. सांगतो पुढे.

आधी मूळ मुद्दा. किनाऱ्याची बोट म्हणजे समुद्राच्या बोटीची स्वस्त, कमकुवत, काटछाट केलेली आवृत्ती, असं सगळे धरून चालतात. चूक इथेच आहे. किनाऱ्याची कामंच वेगळी आहेत आणि त्यातली बरीचशी जास्त अवघड आहेत.

भर समुद्रात बोटीला आपटायला काहीच नसतं. शेकडो मैल मोकळं पाणी. वादळ आलं तर शीड उतरवा, दारं लावा, आत बसा, वाऱ्याने जिकडे नेलं तिकडे जा. तिथे जड, संथ, सरळ जाणारी बोट सोन्यासारखी. किनाऱ्याजवळ मात्र धोका म्हणजे जमीनच. वारा जमिनीकडे ढकलतोय आणि तुम्हाला त्याच्या विरुद्ध बाहेर पडायचंय, तर बोटीला वाऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं बरं. झटकन वळता आलं पाहिजे. शेवटी दोनशे बोटींच्या गर्दीत आपल्या चिंचोळ्या जागेत न ठोकता शिरता आलं पाहिजे.

आता शिडाची बोट सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, हे बहुतेकांना माहीत असेल. ती नागमोडी जाते, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. आमची बोट सपाट पाण्यात वाऱ्याशी साधारण ४५ अंश करून चालते. लांब कीलची जड बोट ५० ते ५५ वर खूश असते. दहा अंश म्हणजे काय मोठं? गणित करा. बर्कलीहून एंजल आयलंड साधारण सहा सागरी मैल, आणि उन्हाळ्यात दुपारी वारा बरोबर तोंडावर. ४५ अंशांनी गेलं तर साडेआठ मैल कापावे लागतात, ५५ अंशांनी साडेदहा. शिवाय प्रत्येक वळणाला आमची फिन कीलची बोट काही सेकंदांत तोंड फिरवते, आणि लांब कीलवाली विचार करत बसते. कधी कधी तर अर्ध्यात वाऱ्याच्या तोंडावर थांबते आणि हट्टाने मागे सरकायला लागते. रिव्हर्समध्ये तर बोलायलाच नको. लांब कीलची बोट मागे घेणं म्हणजे बैलगाडी मागे घेणं. ती जाईल, पण कुठे जाईल ते तीच ठरवणार.

आणि वेगाबद्दल. वजनदार बोटीचं पाण्यातलं माप मोठं म्हणून कागदावर तिचा कमाल वेग आमच्यापेक्षा जास्त भरतो. हे गणितही सोपं आहे. बोट चालताना स्वतःची एक लाट तयार करते. वेग वाढला की ती लाट लांब होत जाते. लाट बोटीएवढी लांब झाली की बोट स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात बसते, आणि आणखी जोर लावला तर पुढे चढ चढायचा असतो. पाण्याच्या रेषेवरच्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, एवढा वेग नॉटमध्ये. आमचा ६.७, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटरच्याही आत. लक्ष्मी रोडवरचा सायकलवाला. वेस्टसेल ३२ चा ७. मग तिला ‘वेटस्नेल’, ओली गोगलगाय, असं नाव का पडलं? कारण ७ गाठायला वारा लागतो. तिचं शिडाचं गुणोत्तर १४ च्या आसपास आणि वजन साडेआठ टनांच्या वर. मंद वाऱ्यात आमची बोट तीन नॉटने चालत असते तेव्हा ती पाण्याचा तळ न्याहाळत असते. किनाऱ्यावरचं आयुष्य मंद वाऱ्याच्या सकाळींनी भरलेलं असतं. कमाल वेग हा विक्रीचा आकडा, सकाळचा वेग हा जगण्याचा.

बटलरचं मला काय आवडतं, तर त्याने एकच सांगाडा ठेवला आणि पाण्याप्रमाणे बाकीचं बदलायला मुभा दिली. जिथे वारा कमी, तिथल्यासाठी उंच डोलकाठी. जिथे पाणी उथळ, तिथल्यासाठी आखूड कील. आमच्याकडे उन्हाळ्यात गोल्डन गेटमधून दुपारी वीस-पंचवीस नॉटचा वारा सुटतो आणि थेट बर्कलीवर येऊन आदळतो. म्हणून आमची साधी डोलकाठी आणि सव्वापाच फूट खोल जाणारी कील. किनारा बघून बोट. आमच्या भाषेत याला रिक्वायरमेंट वाचणं म्हणतात, आणि ते किती दुर्मीळ आहे ते वेगळं सांगायला नको. चार युजरच्या अंतर्गत टूलसाठी चाळीस सर्व्हर उभे करणारे आर्किटेक्ट आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

हिच्यात दोष नाहीत का? आहेत की. भरपूर. मीच सांगतो, म्हणजे कॅप्टनला कमेंट टाकायचे कष्ट नकोत.

एक तर ती फार रुंद आहे. तीस फुटी बोटीला पावणेअकरा फूट रुंदी त्या काळात जास्तच वाटायची. वीस-पंचवीस अंश कलली की सुकाणू जड होतं आणि बोट हट्टाने वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते. नवशिके चाकाशी कुस्ती खेळत बसतात. उपाय कुस्ती नाही, शीड लहान करणं हा आहे. पंधरा-सतरा नॉटला आम्ही मोठ्या शिडाची एक घडी घालून टाकतो आणि वेग जराही कमी होत नाही, उलट चहा सांडायचा थांबतो. दुसरं, आखूड उभ्या लाटांत ती आपटते. जड बोट लाट फोडत जाते, आमची लाटेवरून उडी मारून धप्पकन बसते, आणि वाटीतली चटणी छताला. तिसरं, जुन्या कॅटलिनांत कील जिथे पोटाला जोडली जाते तिथल्या भागात लाकूड भरलेलं असायचं. ते ओलं होऊन दबलं की पुढच्या बाजूला सांधा उघडतो आणि बाहेरून एक वाकडी भेग दिसते. तिला चक्क ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. आमची बोटही हसत होती. बोल्ट घट्ट करून, सांधा साफ करून, भरून घेतला, दर दोन वर्षांनी बोट बाहेर काढली की पहिलं तेच बघतो. जुनी घेणार असाल तर तुम्हीही पहिलं तेच बघा.

आणि चौथं, हिचं कॉकपिट ऐसपैस आहे आणि खालची खोली हॉलसारखी मोकळी. महासागरात हे दोन्ही दुर्गुण. मोठं कॉकपिट लाटेने भरलं तर एवढं पाणी घेऊन बोट दबते, आणि मोकळ्या खोलीत माणूस या भिंतीवरून त्या भिंतीवर फेकला जातो, धरायला काही नाही. पण आमच्या बोटीच्या रात्री जातात कुठे? नांगर टाकून एखाद्या शांत खाडीत, नाहीतर धक्क्याला. तिथे सहा फूट उंचीचा माणूस ताठ उभा राहून पोहे करू शकतो. सहाजण पाय न अडकता बसतात. जे खोल समुद्रात दोष, ते नांगरावर गुण. दोष-गुण बोटीत नसतात, बोट आणि पाणी यांच्या जोडीत असतात.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: “पण हवामान अचानक बिघडलं तर? मग वाटेल ना, मजबूत बोट हवी होती?”

१४ एप्रिल २०१२. फॅरॅलोन बेटांना वळसा घालून यायची शर्यत, आमच्याच गोल्डन गेटच्या बाहेर. ‘लो स्पीड चेस’ नावाची अडतीस फुटी, आमच्यापेक्षा कितीतरी सक्षम बोट, आठजणांचा संच. बेटाच्या अगदी जवळून, उथळ पाण्यावरून गेली, जिथे मोठ्या लाटा फुटतात. पाचजण गेले. हवामान काही अनपेक्षित बिघडलं नव्हतं. नंतरच्या चौकशीत बोट दोषी ठरली नाही, बोटीने घेतलेली वाट दोषी ठरली. त्या जागी कॅप्टनची बोट असती तर वाचली असती का? मला नाही वाटत. खडकाला वजनाचं गुणोत्तर कळत नाही.

किनाऱ्यावरची सुरक्षितता बोटीच्या भिंतीत कमी आणि न जाण्याच्या निर्णयात जास्त असते. हे आम्हाला कोकणात कुणी शिकवायला नको खरं तर. ज्येष्ठ-आषाढात होड्या वर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय जुने लोक समुद्रात जात नसत. आता सरकारी बंदीही असते, १ जून ते ३१ जुलै. आषाढात किनाऱ्यावर ओढलेल्या होडीकडे बघून “ही पावसाळ्यात चालत नाही म्हणजे कच्चीच” असं कुठला कोळी म्हणेल? न जाणं हा त्या बोटीच्या रचनेचाच एक भाग आहे. आमच्याकडेही तसंच. रेडिओवर सागरी हवामानाचा अंदाज ऐकायचा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं. गोल्डन गेटखाली ओहोटी जोरात असली तर चार-पाच नॉटने पाणी बाहेर धावतं. पाच नॉटने चालणारी बोट त्याच्याविरुद्ध तास-तासभर त्याच पुलाखाली उभी राहते, वर फोटो काढणारे पर्यटक. वेळ चुकली की सूत्रं गेली खड्ड्यात.

तीच गोष्ट ‘म्हादेई’ची. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, मला आजही तो अभिमान वाटतो. पण म्हादेई ५६ फुटी होती आणि गोव्यात बांधली गेली तीच मुळी दक्षिण महासागराच्या तोंडी द्यायला. तिला घेऊन कुणी रविवारी मांडव्याला वडापाव खायला जात नाही. दोंद्यांच्या मोठेपणाने आपली बोट मोठी होत नाही. बाणेरच्या ट्रॅफिकमध्ये फोर बाय फोर घेऊन उभे असणाऱ्यांनीही यावर जरा विचार करावा. असो.

आता त्रास का होतो ते.

२०२३ मध्ये कॅप्टनचे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. काका निवृत्त मास्तर. लहानपण हर्णैच्या बंदरात गेलेलं, आजोळ दाभोळकडचं. शिडाच्या होडीतून खाडी ओलांडलेला माणूस. मुलाने बोट घेतलीय हे गावभर सांगून आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांना धक्क्यावर आणलं. त्यांनी बोटीवरून हात फिरवला, सांधे बघितले, कौतुक केलं. मग विचारलं, “पाण्यात कधी नेतोस हिला?”

“पाण्यातच आहे ना बाबा.”

“ती बांधलेली आहे रे. नेतोस कधी?”

कॅप्टन म्हणाला, पुढच्या महिन्यात, इंजिन बसलं की. मे गेला, जून गेला. काका येऊन बसायचे, सँडपेपर मारून द्यायचे. पाचव्या महिन्यात मी न राहवून म्हटलं, “काका, आमच्या बोटीवर येता का? साधी आहे.” कॅप्टन सोबत आला नाही. त्याला डेकचा सेकंड कोट द्यायचा होता.

सप्टेंबरातला दिवस होता, वारा बारा-चौदा नॉट. मरीनाच्या तोंडातून बाहेर पडलो, शीड चढवलं, इंजिन बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता होते, तिच्यात काकांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. मी चाक हातात दिलं. त्यांना चाकाची सवय नव्हती, पहिली पाच मिनिटं उलटं वळवत होते. मग त्यांनी चाकाकडे बघणं सोडलं आणि गाल वाऱ्याकडे केला. शिडाची कड फडफडायच्या आधीच हात वळायला लागला. मी सात वर्षांत जे शिकलो ते सत्तर वर्षांपूर्वीचं त्यांच्या गालात होतं. “शीड जरा सोड,” मला म्हणाले. सोडलं. बोट मोकळी झाली, साडेपाच नॉट.

एंजल आयलंडला चहा झाला, डब्यातली थालीपीठं झाली. परतताना मागून वारा, काका झोपले.

डिसेंबरात ते परत गेले. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, इतका लांबचा प्रवास आता नको म्हणतात डॉक्टर. कॅप्टनशी मी हे कधी बोललो नाही. तोही बोलला नाही. पण गेल्या दिवाळीत त्याने विचारलं, त्या दिवशीचे बाबांचे फोटो आहेत का तुझ्याकडे. सगळे पाठवले.

तर ठाणेकर साहेब, वाचत असाल तर: हो, कोस्टलच. तुम्ही सहकुटुंब या म्हणालो होतो ते मनापासून होतं. पुढच्या रविवारी अकराच्या सुमारास ओहोटी सुरू होतेय, साडेदहाला धक्क्यावर भेटू. स्वेटर आणा, ऊन असलं तरी. आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट्स आमच्याकडे दोनच आहेत, तिसरं लागणार असेल तर आधी कळवा.